गिटारीतलं बटण

चूक बस्त्यावबाबांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोठ्या माणसांची चूक शेवटपर्यंत झाकून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, आणि शेवट येईपर्यंत ती कुणातरी पोराच्या नावावर चढलेली असते.

तर, एका गावात एक गिटार होती. गाव समुद्राकाठचं, केळीच्या वाड्यांचं. मध्ये चर्च, चर्चसमोर विहीर. गिटार लाकडाची, जुनी, पिवळी पडलेली. जहाजावरच्या बँडमध्ये वाजवणारा मानवेल नावाचा माणूस ती घेऊन गावी परतला होता. त्याला ना बायको ना पोर. मरताना त्यानं गिटार गावाला दिली आणि सांगून गेला की ज्या घरात शेवटचं लग्न झालं असेल त्या घरात हिला ठेवा. नव्या संसारात भांडणं फार होतात, एखादी तरी वस्तू सुरात असलेली बरी.

तेव्हापासून गावात तशी चाल पडली. लग्नाच्या आदल्या दिवशी आधीचं जोडपं गिटार मांडवात आणायचं आणि नव्या नवऱ्याच्या हातात द्यायचं. त्यानं तिथंच सूर लावून काहीतरी वाजवायचं, चांगलं वाईट कसंही. मग पुढचं लग्न होईपर्यंत गिटार त्या घरची. अट एकच. रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाली की दार उघडं ठेवून ती वाजली पाहिजे. स्वतःला येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा, चहा पाजा. गावातली निम्मी पोरं अशीच दुसऱ्यांच्या ओट्यांवर बसून गिटार शिकली होती. आणि गिटारीशिवाय सासरी गेलेल्या मुलीला गाव पाहुणी म्हणायचं, सून म्हणायचं नाही.

इतक्या घरांतून फिरलेली वस्तू चकाचक कशी राहणार? तिच्या कडेला कुणाच्या तरी बाळाच्या दातांचे वण होते. पाठीवर मेणबत्तीचा काळा डाग होता. एक खुंटी तुटली होती, तिथं दोऱ्याचं लाकडी रीळ तासून बसवलं होतं. भोकाखाली बोटं घासून घासून लाकडाला खळगा पडला होता, चर्चमधल्या बाकाच्या कडेला पडतो तसा. आणि वास. भोकाशी नाक नेलं की खोबरेल तेल, विडी, सुके बोंबील आणि बंद ट्रंक, सगळ्यांचा मिळून एक वास यायचा. दुकानातली नवी गिटार तिच्यापेक्षा गोड वाजली असती. पण नव्या गिटारीला असं नाक लावून कुणी हुंगलं नसतं.

तिच्या पोटात एक बटण होतं. ते बस्त्यावबाबांचं. फार पूर्वी, आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी गिटार छातीशी घेताना त्यांच्या सदऱ्याचं शिंपल्याचं बटण तुटलं आणि नेमकं भोकातून आत पडलं. गिटार उलटी केली, थोपटली, बटण काही निघेना. नवरदेव उघड्या गळ्यानं उभा, आणि नवरी आग्नेस पदर तोंडात कोंबून हसतेय. तिचं हसू थांबता थांबेना. पुढं संसार झाला, म्हातारपण आलं, आग्नेस गेली. पण गिटार हलवली की बटण आत खुळखुळायचं, आणि बस्त्यावबाबांना ते हसू ऐकू यायचं.

दर लग्नात ते गिटार कानाशी धरून हलवायचे आणि तीच गोष्ट सांगायचे. लोक दर वेळी हसायचे. मांडवाच्या तोंडाशी हातांची एक खुर्ची ठेवलेली असते, पहिली, मानाची; ती बस्त्यावबाबांची. पहिल्या खुर्चीवरचा माणूस गोष्ट सांगत असला की गावाला हसावंच लागतं.

मग एका वर्षी असं झालं की ज्यांच्या घरी गिटार होती ते जोडपं गाव सोडून शहरात राहायला गेलं. पुढचं लग्न लवकर दिसत नव्हतं. बस्त्यावबाबा म्हणाले, तोवर राहू दे माझ्याकडे. कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं, आत लाल मखमल लावली, गिटार तिच्यावर टेकवून ठेवली आणि वरून एक पिवळा दिवा सोडला. कपाटाला कुलूप. चावी कोटाच्या खिशात.

त्यानंतर गावात लग्नं झाली, पण गिटार कुणाच्या घरी गेली नाही. बस्त्यावबाबा ती मांडवात आणायचे, हलवून दाखवायचे, नवऱ्याला नावापुरती हातात द्यायचे आणि परत घेऊन जायचे. सूर लावू द्यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, आताच्या पोरांच्या हाताला घाम फार येतो, लाकूड खराब होतं. हा गावाचा ठेवा आहे, जपला पाहिजे. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रविवारची गिटार बंद झाली. उघड्या दारांतून आता फक्त टीव्ही ऐकू यायचा. ओट्यावर बसून शिकणारी पोरं ओट्यावर बसून मोबाइल बघू लागली, आणि याच म्हाताऱ्यांनी मग पोरं बिघडली म्हणून बैठक घेतली.

जपणं म्हणजे काय, हे बस्त्यावबाबांना ठाऊक आहे असं त्यांना वाटायचं. ते रोज काच पुसायचे. पाहुणा आला की दिवा लावायचे. पाहुणा नसला तरी लावायचे, कारण त्या उजेडात गिटार फार सुंदर दिसायची आणि समोर खुर्ची टाकून बसलं की आग्नेस अजून आत स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं. पुढं पुढं दिवा विझेनासाच झाला. आठवण त्यांची होती, त्यात काही खोटं नव्हतं. पण गिटार गावाची होती.

त्यांची नात फिलू एकदा काचेला हात लावून म्हणाली, "आजा, आत भट्टी झालीय. लाकूड तडकेल."

"तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून मी या गिटारीला ओळखतो," बस्त्यावबाबा म्हणाले.

फिलूनं काचेवरचा हात काढून घेतला. या वाक्याला उत्तर नसतं. ते उत्तर येऊ नये म्हणूनच बोललं जातं.

त्याच फिलूचं लग्न ठरलं, ते गावातल्याच जोकीमशी. जोकीम विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. शाळा अर्धी टाकलेली, हे त्याच्या नावाला कायमचं चिकटलेलं. पण गिटार तो वाजवायचा, आणि याच गिटारीवर शिकलेला होता. बस्त्यावबाबांना मुलगा फारसा पसंत नव्हता. फिलूला होता. जोकीमनं त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाला, "बाबा, माझ्या मांडवात मला सूर लावून वाजवू द्या. घरी नाही दिली तरी चालेल." फिलू शेजारीच उभी होती. बस्त्यावबाबांना नाही म्हणता आलं नाही.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी त्यांनी काच पुसायला कपाट उघडलं, आणि मखमलीवर त्यांना बटण दिसलं.

पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला. इतक्या वर्षांनी बटण हातात. मग त्यांनी गिटार उचलून पाठ बघितली. कडेचा जोड खालपासून उकलला होता. बोट जाईल एवढी फट. लाकूड सुकून आकसलं होतं आणि आपल्या जागेवरून सरकलं होतं. कपाटात दुसऱ्या कुणी हात घातला नव्हता. चावी एकच होती.

त्या वेळी बस्त्यावबाबांनी काय करायला हवं होतं हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यांनी गिटार परत मखमलीवर टेकवली, उकललेली बाजू मागे. दिवा विझवला. बटण खिशात टाकलं. मनाशी म्हणाले, लग्न होऊन जाऊ दे, मग गुपचूप चिकटवून घेऊ, कुणाला कशाला त्रास. मोठी माणसं स्वतःच्या सोयीला नेहमी दुसऱ्याचा त्रास वाचवणं म्हणतात.

खरं कारण वेगळं होतं. एका नवऱ्यानं पूर्वी घरच्या भांडणात गिटार भिंतीवर आपटली होती, तेव्हा गावानं नियम केला होता. गिटार जो मोडेल त्याला मांडवात खुर्ची नाही, आणि गिटार त्याच्या घरी जाणार नाही. नियम बस्त्यावबाबांनीच केला होता. सगळ्यांना सारखा, असंही वर म्हणाले होते.

लग्नाचा आदला दिवस आला. दुपार कलली तसा मांडव भरला. बायका गाणी म्हणत होत्या, पलीकडे चुलाण्यावर मटण शिजत होतं. बस्त्यावबाबा कोट घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी उकललेली बाजू कोटाआड धरून गिटार जोकीमला दिली. या वेळी हलवून दाखवली नाही. गोष्टही सांगितली नाही. गाणी चालू होती म्हणून कुणाच्या ते लक्षात आलं नाही. फिलूच्या आलं.

जोकीमनं गिटार छातीशी घेतली. आधी भोकाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि हसला. तारा पार उतरलेल्या होत्या. तो एकेक खुंटी हलक्या हातानं पिळू लागला. रिळाची खुंटी पिळली, आणि कट्ट आवाज झाला. गिटारीची पाठ खालून वरपर्यंत सुटली.

गाणी थांबली. जोकीमचा हात तसाच खुंटीवर राहिला.

मग म्हाताऱ्यांची तोंडं सुटली. एक म्हणाला, पंप पिळायचे हात ते. दुसरा म्हणाला, शाळेत धीर धरला नाही, खुंटीला काय धरणार? तिसऱ्यानं नियमाची आठवण करून दिली. ज्यानं गिटार मोडली त्याच्या घरी गिटार जाणार नाही; म्हणजे पोरगी गिटारीशिवाय जाणार; म्हणजे लग्न पुढं ढकलून आधी बैठक घ्यायला हवी. हे सगळं जोकीमच्या आईसमोर. ती बिचारी खांबाला धरून खाली बसली. सगळ्यांनी पहिल्या खुर्चीकडे बघितलं. बस्त्यावबाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ म्हाताऱ्यांनी हो असा घेतला.

फिलूनंही आजोबांकडे बघितलं. तिला दिवा आठवत होता. पण दिवा आजोबांनी गेले काही दिवस लावला नव्हता, आणि तडा आधीचा की आताचा हे तिनं डोळ्यांनी बघितलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली. ते बघणं बस्त्यावबाबांना कोटाच्या आतून टोचलं.

तेवढ्यात रुझाबाय उठली. रुझाबाय बस्त्यावबाबांच्या वयाची, आग्नेसची मैत्रीण, गावात त्यांना अरेतुरे करणारी एवढीच उरलेली. तिनं जोकीमच्या हातातून गिटार घेतली, जपून, दोन्ही हातांनी, आणि हलवली.

काही वाजलं नाही.

"बटण कुठं गेलं रे?" ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आत्ता पाठ उघडली तेव्हा पडलं असणार. मांडव शोधाला लागला. चटया उचलल्या. खुर्च्या सरकवल्या. बायका लुगडी सावरत वाकल्या, मुलं चारी पायांवर धावू लागली. चुलाण्यावरचा आचारीसुद्धा पळी घेऊन आला. आणि सगळे शोधताहेत म्हणून बस्त्यावबाबांनाही खुर्चीवरून उठून, गुडघे टेकून, खाली बघावं लागलं. ज्याच्या खिशात बटण, तोच चटईखाली बटण शोधत होता.

त्यांच्या मनात आलं की हे तर बरंच झालं. हात खिशात घालायचा, बटण हळूच चटईवर सोडायचं आणि सापडलं म्हणायचं. कुणी विचारणार नाही. तडा जोकीमच्या नावावर राहील. पोरगं तरुण आहे, सोसेल. लग्न महिन्याभरानं होईल. आपण मोठ्या मनानं माफ करू, वर चार शब्द चांगले बोलू. त्यांनी बटण मुठीत घेतलं. मूठ चटईपर्यंत नेली.

शेजारीच जोकीम गुडघ्यांवर होता. कपाळाला धूळ, नव्या सदऱ्याच्या बाह्या काळ्या झालेल्या. तो चटईच्या विणीत बोटं घालून एकेक फट चाचपत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, तुम्ही उठा, गुडघे दुखतील. गिटार माझ्या हातून गेली ती गेली. आजीचं बटण तरी मी शोधून देतो."

बस्त्यावबाबांची मूठ उघडेना.

आयुष्यभर त्या बटणाची गोष्ट त्यांनी सांगितली होती. लोक हसायचे. पण ते बटण आग्नेसचं आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते स्वतःसुद्धा माझं बटण म्हणायचे. आणि आज ते म्हणत होतं हे पोर, ज्याच्या डोक्यावर ते आपलं पाप ठेवायला निघाले होते.

ते उठून उभे राहिले. त्यांना वेळ लागला. गुडघे खरंच दुखत होते.

"शोधू नका," ते म्हणाले. "बटण माझ्यापाशी आहे. गिटार माझ्या कपाटात फुटली. दिव्यानं. मला ठाऊक होतं."

त्यांनी मूठ उघडून पुढे धरली. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मघाशी जोकीमच्या हातांबद्दल बोलणाऱ्यांना आता आपापल्या चपला बघायच्या होत्या.

"म्हणजे तू गुडघे टेकून तुझ्याच खिशातलं बटण शोधत होतास," रुझाबाय म्हणाली. "आग्नेस असती तर आजही हसली असती."

आणि कुठूनतरी हसू फुटलं. आधी फिलूच्या तोंडून. पदर तोंडात कोंबून, थांबता थांबेना असं. मग बायका, मग मुलं, मग खांबाशी बसलेली जोकीमची आई डोळे पुसत पुसत. बस्त्यावबाबांनी नातीकडे बघितलं. इतकी वर्षं गिटार कानाशी धरून जे हसू ते ऐकत होते, ते समोर उभं होतं, आणि त्याला काचेचं कपाट लागत नव्हतं. बटण सापडल्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. आता त्यांना एकदम भूक लागल्याचं कळलं.

रुझाबायनं डोक्याचा रुमाल सोडला, गिटारीच्या पोटाला घट्ट आवळून बांधला, पडलेल्या माणसाचं डोकं बांधतात तसा. जोकीमनं उरलेल्या तारा अर्ध्याच चढवल्या आणि वाजवून बघितलं. आवाज घोगरा आला, सर्दी झालेल्या म्हातारीसारखा. पण आला. बायकांनी गाणं सोडलं होतं तिथूनच उचललं आणि गिटारीच्या घोगऱ्या सुरात आपला सूर खाली आणून मिळवला. इतक्या दिवसांनी गिटार गावात वाजत होती. तिचा सूर कसा लागतोय याची पंचाईत कुणालाच नव्हती.

पुढं गिटार सरसानं चिकटवली, दाबून सुकवली, नीट झाली. पाठ बंद करण्याआधी फिलूनं बटण परत आत टाकलं. बस्त्यावबाबांनी ते स्वतःपाशी ठेव असं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आजा, ते आत असलं की सगळ्यांना ऐकू येतं." गिटार जोकीमच्या घरी गेली. रविवारी मिस्सा झाली की दार उघडं असायचं. काचेच्या कपाटात फिलूच्या आईनं कपबशा लावल्या.

नियमाचं मात्र राहिलं होतं. लग्नाच्या दिवशी काही म्हातारे म्हणाले, कबूल केलंय, आता सोडून द्या, आपलाच माणूस. जोकीमच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं. बस्त्यावबाबांनीच मान हलवली. ते पहिल्या खुर्चीपर्यंत गेले, तिला उचलून बाहेर नेऊन ठेवली, आणि नातीच्या लग्नात वाढपी मंडळींबरोबर चुलाण्यापाशी उभ्यानं जेवले. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

तात्पर्य: जुन्या वस्तूवर जीव असेल तर ती वापरणाऱ्याच्या हातात द्यावी, आणि आपल्या हातून ती मोडली तर दुसऱ्याचं नाव पुढे येण्याआधी आपलं सांगावं. बस्त्यावबाबांनी ते उशिरा सांगितलं. त्यांची मांडवातली पहिली खुर्ची गेली, ती परत मिळाली नाही.